पेणच्या उत्तराचं काय केलंत?

"लोकांना समजावून सांगायला आम्ही कमी पडलो." एखादा प्रकल्प अडला, एखादा करार लोकांनी नाकारला, मोजणीला आलेलं पथक एखाद्या गावाने परत पाठवलं, की हे वाक्य ठरलेलं. मंत्री ते म्हणतात, अधिकारी म्हणतात, मुंबईचे संपादक अग्रलेखात लिहितात. तिकडे ब्रसेल्सला युरोपीय संघाचे धुरीणही आपापल्या भाषेत तेच म्हणतात. ऐकायला वाक्य नम्र आहे, चूक स्वतःकडे घेतल्यासारखं वाटतं. पण ते पुन्हा एकदा वाचून पाहा. त्यात कमी पडलं ते फक्त सांगणं. निर्णय बरोबरच होता, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. लोकांनी नकार समजून-उमजून दिला असेल, ही शक्यता बोलणाऱ्याने विचारातच घेतलेली नाही. मला या वाक्याचा संताप येतो.

आधी त्यामागचं मत पुरतं मांडतो. ते असं: आजचे विषय गुंतागुंतीचे आहेत. विशेष आर्थिक क्षेत्र, तेलशुद्धीकरण, जागतिक बँकेच्या कर्जाच्या अटी, पर्यावरण आघाताचे अहवाल हे काही खारपाटातल्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाहीत. त्याच्यापर्यंत खरी माहिती पोचत नाही. मग पुढारी येतात, भीती घालतात, भावना भडकवतात आणि लोक नाही म्हणतात. उपाय काय, तर अधिक माहिती, सोप्या भाषेतली पत्रकं, चित्रफिती, गावोगावी संवाद मेळावे. एकदा प्रकल्प नीट कळला की विरोध मावळतो.

हे मत रायगड जिल्ह्यात सरकारनेच एकदा तपासून पाहिलं आहे. तारीख २१ सप्टेंबर २००८, वार रविवार, तालुका पेण.

त्याआधी दोन वर्षं या तालुक्यात दुसरा विषय नव्हता. रिलायन्स उद्योगसमूहाशी निगडित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे सेझसाठी, पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या ४५ गावांची जमीन हवी होती. इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली नोटिसा निघाल्या होत्या. तलाठ्याच्या चावडीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत सातबारा, मोबदला, नोकरी, पुनर्वसन हीच चर्चा होती. शेतकऱ्यांचे नेते प्रा. एन. डी. पाटील उतारवयात गावोगाव फिरून सभा घेत होते. सरकारी बाजूही गप्प नव्हती. रोजगाराची, भावाची, नव्या शहराची चित्रं रोज मांडली जात होती. माहितीचा तुटवडा म्हणतात तो पेणमध्ये २००८ साली नव्हता. सेझ कायद्यातल्या तरतुदी शाळा अर्धवट सोडलेल्या शेतकऱ्यांनाही मुखोद्गत झाल्या होत्या, कारण प्रश्न त्यांच्या पोटाचा होता.

आणि मग सरकारने लोकांना विचारलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या २२ गावांत जनमत घेतलं. हीच गावं का, तर ओलिताखाली येऊ शकणारी जमीन सेझसाठी घ्यावी का, हा प्रश्न तिथेच टोकदार होता. शेतकरी रांगा लावून आले. म्हातारी माणसं आली, मुंबईला कामाला असलेले खातेदार गावी परतले. फार मोठ्या बहुमताने उत्तर आलं: जमीन देणार नाही.

यानंतर काय झालं? अहवाल शासनाकडे गेला आणि निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. ज्या लोकांना रांगेत उभं करून प्रश्न विचारला, त्यांना त्यांचंच उत्तर सरकारने सांगितलं नाही. पुढे प्रकल्प बारगळला हे खरं. पण लोक नाही म्हणाले म्हणून तो रद्द झाल्याचं सरकारने म्हटलं नाही. भूसंपादनाची कायदेशीर मुदत उलटली, एवढंच कारण कागदावर उरलं. जिंकूनही पेणच्या शेतकऱ्याला हे ऐकायला मिळालं नाही की तुझं म्हणणं आम्ही ऐकलं.

आता सांगा, इथे कोण कुठे कमी पडलं? समजावणं कमी पडलं असतं तर प्रश्न न कळल्याने लोक गोंधळले असते, मतं विखुरली असती. तसं झालं नाही. प्रश्न विचारला गेला, तो लोकांना कळला, उत्तर स्पष्ट आलं. फक्त ते उत्तर सरकारला नको होतं.

नेमकं त्याच वर्षी, पेणच्या तीन महिने आधी, आयर्लंडमध्ये मतदान झालं होतं. १२ जून २००८. लिस्बन करार हा युरोपीय संघाच्या कारभाराची नव्याने घडी बसवणारा करार. सगळ्या सदस्य देशांपैकी फक्त आयर्लंडने तो थेट जनतेपुढे ठेवला, कारण त्यांच्या राज्यघटनेने तसं करणं भाग पाडलं. ५३.४ टक्के लोकांनी तो नाकारला. त्याच्या तीन वर्षं आधी, २००५ च्या मे-जूनमध्ये, फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना नाकारली होती. तेव्हा युरोपीय आयोगाने काय केलं होतं? लोकशाही, संवाद आणि चर्चा अशा भारदस्त नावाची एक संपर्क योजना आखली. घटनेतला बराचसा मजकूर मात्र लिस्बन करारात पुन्हा आला. दोन देशांच्या मतदारांनी नकार दिला, त्यावर उत्तर म्हणून जनसंपर्काची योजना आली. पेण आणि पॅरिस यांत अंतर हजारो मैलांचं असेल, पण सत्तेची सवय दोन्हीकडे एकच.

आयर्लंडबाबत समजावणाऱ्यांच्या हातात एक आवडता पुरावा आहे. तिथे विरोधकांची घोषणा होती की करार कळत नसेल तर नाही म्हणा. मतदानानंतरच्या पाहणीतही नकार देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी करार नीट कळला नाही असं कारण दिलं. बघा, अज्ञानातूनच नकार आला, असं त्यावरून म्हटलं गेलं.

मला यात अज्ञान दिसत नाही. लिस्बनचा मसुदा जुन्या करारांतल्या कलमांमध्ये दुरुस्त्या सांगणारा होता. जुने करार शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लागणं शक्य नव्हतं. असा कागद कुणी पुढे सरकवला आणि सही मागितली, तर शहाण्या माणसाने काय करावं? आपल्याकडे हे शिकवायला युरोप लागत नाही. ज्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात खोत आणि सावकार यांनी न वाचता येणाऱ्या कागदांवर अंगठे घेऊन पिढ्यान् पिढ्या कुळं बांधून ठेवली, तिथल्या आजीबाईला ठाऊक आहे की कागद कळला नाही तर अंगठा द्यायचा नसतो. न कळलेल्या कागदाला नकार देणं हा व्यवहारातला सर्वांत जुना शहाणपणा आहे. उद्योगपती तेच करतात आणि त्यासाठी वकिलांची फौज ठेवतात. शेतकऱ्याने केलं की ते अज्ञान ठरतं?

एक गोष्ट युरोपच्या बाजूने मान्य करतो. आयर्लंडचा निकाल त्यांनी जाहीर केला. नंतर प्रत्येक देशाचा आयोगात एक आयुक्त राहील, तटस्थता आणि कररचना यांना धक्का लागणार नाही, अशी हमी देऊन २ ऑक्टोबर २००९ ला पुन्हा मतदान घेतलं आणि होकार मिळवला. पुन्हा विचारण्याची ही रीत मला मान्य नाही. होकार आला की पुन्हा कधी विचारत नाहीत, हे डोळ्यांआड करता येत नाही. पण नकाराची किंमत म्हणून तिथे काहीतरी द्यावं लागलं, हे खरं. पेणला ते मिळालं नाही.

आता भाषेकडे येऊ. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत. संघाच्या संस्थांना नागरिकाने यांपैकी कुठल्याही भाषेत पत्र लिहावं आणि त्याच भाषेत उत्तर घ्यावं, हा करारात लिहिलेला हक्क आहे. माल्टा या बेटाची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, पण माल्टीज भाषेत संघाचे कायदे निघतात. एकट्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २६ लाखांवर होती आणि मराठी मातृभाषा असणारे देशात आठ कोटींहून अधिक. त्यांच्या वाट्याला काय आलं, हे २०२० च्या उन्हाळ्यात दिसलं.

केंद्र सरकारने पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा एप्रिल २०२० मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केला. कारखान्यांना परवानगी कशी द्यायची, जनसुनावणी कुठे घ्यायची आणि कुठे टाळायची, हे ठरवणारा हा मसुदा. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या, कुंडलिका नदीचं पाणी रोज बघणाऱ्या माणसासाठी यापेक्षा महत्त्वाचा सरकारी कागद क्वचितच निघाला असेल. तो इंग्रजी आणि हिंदीत होता. हरकती ईमेलनेही चालतील, असं सांगितलं होतं. देशभर टाळेबंदी होती. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब मोडले. श्रीवर्धन, मुरूड, रोहा, माणगाव भागात कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. फोनला रेंज नव्हती. त्या अंधारात बसलेल्या माणसाने इंग्रजी मसुदा उतरवून घ्यावा, वाचावा आणि ईमेल करावा, ही अपेक्षा होती.

दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला आदेश दिला की मसुद्याचं भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये करा आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. केंद्राने काय केलं? भाषांतर करण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. समजावून सांगायला कमी पडलो म्हणणाऱ्या राज्यव्यवस्थेला, मराठीत समजावून सांगा असं न्यायालयाने बजावलं, तेव्हा तिने वकील उभे केले. यानंतरही कुणी सांगत असेल की अडचण लोकांच्या आकलनाची आहे, तर त्याने निदान ही तारीखवार हकीकत वाचावी.

दुसरा आक्षेप, लोकांना भडकवलं जातं. हा तर जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. १९३३ साली अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध संप केला, तेव्हाही हेच बोललं गेलं. तो संप सहा वर्षांच्या आसपास चालला. जमिनी पडीक राहिल्या. लोक लाकूडफाटा विकून, मिळेल ते खाऊन जगले. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि खोती नष्ट करण्याचं विधेयक कायदेमंडळात आलं. भाषणाने माणूस एक संध्याकाळ भडकतो. सहा वर्षं उपाशी राहायला मनाशी पक्का हिशेब लागतो. आणि नेत्याचं भाषण ऐकून मत बनवणं हा शेतकऱ्याचा दोष असेल, तर सल्लागार कंपनीचं सादरीकरण बघून मत बनवणाऱ्या सचिवाचं काय?

तिसरा आक्षेप, आंतरराष्ट्रीय विषय फार दूरचे, गावच्या माणसाचा त्यांच्याशी काय संबंध. रोह्यात बसून हे म्हणणं विशेष चुकीचं आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला ४४ देशांची परिषद भरली आणि जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा पाया घातला गेला. तिथे भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले, रोह्यात बालपण काढलेले. हेच देशमुख १९५२ मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर गेले आणि केंद्राचे अर्थमंत्री असताना १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांची तक्रार होती की मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाशी नीट विचारविनिमय न करता घेतला गेला आणि मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय सहन न होणं हा या जिल्ह्याचा जुना स्वभाव आहे. देशाच्या अर्थमंत्र्याला तो शोभला. तोच पेणच्या शेतकऱ्यात दिसला की अडाणीपणा कसा होतो?

देशमुख ज्या बँकेच्या जन्माला हजर होते, तिला ऐकायला कुणी शिकवलं, तेही पाहा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले. महाराष्ट्रात पहिल्यांदा बुडणारं गाव अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली. तिथल्या आदिवासींना या कर्जाची अट ना अट माहीत असणं गरजेचं होतं, ती त्यांना त्यांच्या बोलीत कुणी सांगितली नाही. त्यांनी लढून विचारलं. १९९१ मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि बँकेला मागे सरायला सांगितलं. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज सोडलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केलं, जिथे प्रकल्पाने बाधित झालेले लोक स्वतःच्या भाषेत तक्रार करू शकतात. पुढे मुंबईच्या नागरी वाहतूक प्रकल्पातल्या विस्थापितांनी, त्यांत कुर्ल्याचे दुकानदारही होते, याच पॅनेलकडे धाव घेतली. पॅनेलने पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटी नोंदवल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामांचे पैसे काही महिने रोखले.

यातलं काहीही बँकेच्या माहितीपत्रकामुळे घडलं नाही. नर्मदेकाठच्या आणि कुर्ल्याच्या माणसांनी नाही म्हटलं, तेव्हा बँकेचे कान उघडले. आज कोकणात चक्रीवादळाचा धोका कमी करण्यासाठी याच बँकेच्या कर्जातून भूमिगत वीजवाहिन्या आणि खारबंधाऱ्यांची कामं झाली आहेत. कामं गरजेची आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण ज्यांच्या शेताला बांध पडला, त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितलं की काम बिघडलं तर बँकेकडे मराठीत तक्रार करायचा दरवाजा आहे? फलकावर कर्ज देणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. दाद कुठे मागायची, तो पत्ताही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

मग शेवटचं ठेवणीतलं अस्त्र निघतं. प्रत्येक गोष्टीवर लोकांना विचारत बसलं तर या देशात एक धरण होणार नाही, एक रस्ता होणार नाही. पेणकडे बघून हे बोलायला धाडस लागतं. इथले शेतकरी धरणाच्या विरोधात नव्हते. हेटवणेचं धरण उभं आहे, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि लाभक्षेत्रातली माणसं वर्षानुवर्षं कालवे पूर्ण करा म्हणून अर्ज देत आली. दुसरं पीक घेऊ द्या, एवढीच मागणी. विकास त्यांनीच मागितला होता. तो मागितला तेव्हा शासनाने ऐकलं नाही, आणि शासनाने सांगितलेला नाकारला तेव्हाही ऐकलं नाही. मी प्रत्येक पुलासाठी मतदान मागत नाही. विचारलंत तर उत्तर जाहीर करा, एवढं मागतो.

आणि हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ मध्ये नाणारहून हटलेला तेलशुद्धीकरण प्रकल्प, ज्यात सौदी आणि अबू धाबीच्या तेलकंपन्या भागीदार होत्या, रोहा परिसरात आणण्याचा विचार असल्याचं विधिमंडळातल्या उत्तरातून समोर आलं. ज्यांची जमीन जाणार होती, त्यांना आधी कुणी बोलावून सांगितलं होतं? मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण करण्याची अधिसूचना आली. हजारो शेतकऱ्यांनी हरकती दिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये नियुक्ती पक्की झाली. जानेवारी २०२५ मध्ये हेच प्राधिकरण दावोसला गुंतवणूकदारांबरोबर लाखो कोटींचे सामंजस्य करार करत होतं. तिथे गुंतवणूकदाराच्या शंकेला मंत्री समोर बसून उत्तर देतात. पेणच्या माणसाच्या हरकतीवर आवक शिक्का बसतो, पोच मिळते, आणि पुढे त्या कागदाचं काय झालं ते त्याला कळत नाही. गुंतवणूकदाराला शंका आली तर ती रास्त आणि शेतकऱ्याला आली तर तो गैरसमज, हा भेद कुणी, कुठल्या आधारावर ठरवला?

कायद्याने तर उत्तर देणं बंधनकारकच आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं की लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं ठरवताना सगळी वस्तुस्थिती प्रसिद्ध करा, निर्णयाची कारणं बाधितांना द्या आणि हे करताना स्थानिक भाषेचा विचार करा. कुणी अर्ज करायची वाट न बघता. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तर जनसुनावणीचा गोषवारा शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची तरतूद आहे. चित्रफिती, व्हॅन, मेळावे यांवर खर्च करण्याआधी ही दोन कामं करा. प्रत्येक हरकतीला मराठीत, लेखी, कारणांसह उत्तर द्या: मान्य असेल तर काय बदललं ते, अमान्य असेल तर का ते. आणि हे उत्तर अंतिम अधिसूचनेच्या आधी हरकतदाराच्या हातात पडलं पाहिजे. जिल्हा परिषदेपासून जागतिक बँकेपर्यंत, जिच्या कागदाने रायगडच्या जमिनीवर रेघ ओढली जाते अशा प्रत्येक संस्थेला हाच नियम लागू व्हावा. तोपर्यंत समजावून सांगायला आम्ही कमी पडलो असं म्हणण्याचा अधिकार यांतल्या कुणालाही नाही.

सुरुवात जुन्या थकबाकीपासून करा. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी दिलेलं मत सरकारी दप्तरात असलं पाहिजे. ते गावनिहाय आकड्यांसह राजपत्रात छापा आणि त्या २२ गावांच्या ग्रामसभांमध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः उभं राहून वाचून दाखवावं. रांगेत उभे राहिलेल्यांपैकी काही आज हयात नाहीत. जे आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हे व्हायला हवं.